फ्रेंच शिकलं की पीआर गावतंय काय?

बेळगावहून मामीचा फोन आला की ख्यालीखुशालीच्या आधी हा प्रश्न येतो. "काय गं, फ्रेंच शिकलं की कॅनडाचं पीआर गावतंय म्हणे. खरं काय?" पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. मामेभाऊ इंजिनिअर आहे, त्यासाठी लागणारे त्याचे गुण पन्नास-साठने कमी पडतायत. मामीनंतर पुण्याची चुलत बहीण, मग तिच्या सोसायटीतले जोशी काका. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

खरं आहे. एक्सप्रेस एन्ट्री म्हणजे वय, शिक्षण, भाषा यांना गुण देऊन पीआरसाठी माणसं निवडायची केंद्र सरकारची पद्धत. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी तिच्या सर्वसाधारण फेरीत ५३४ गुण लागले आणि दुसऱ्याच दिवशी फ्रेंचवाल्यांच्या फेरीत ३३६ वर काम झालं. तेव्हापासून 'सहा महिन्यांत फ्रेंच' अशा जाहिरातींचा पाऊस पडतोय. सहा महिन्यांत काही होत नाही. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, चारही परीक्षांत सातवी पातळी लागते, म्हणजे ढोबळमानाने युरोपीय मोजपट्टीवरची बी-टू, सहातली चौथी पायरी. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षं घासली होती, तरी टेफ या फ्रेंचच्या परीक्षेत ऐकण्याच्या पेपरात हाताला घाम सुटला होता.

पण हे गुण कॅनडा देतो कशाला, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

क्युबेक या फ्रेंचबहुल प्रांतासाठी नाही. क्युबेक १९९१ च्या करारानुसार आपली माणसं बरीचशी स्वतःच निवडतो. हे गुण आहेत क्युबेकच्या बाहेर विखुरलेल्या दहा लाखांच्या आसपास फ्रेंच भाषकांसाठी. न्यू ब्रन्सविक प्रांतातले अकेडियन म्हणजे तिथले जुने फ्रेंच भाषक, मॅनिटोबातली जुनी गावं आणि आमचं सडबरी. उत्तर ऑन्टारियोतलं हे निकेलच्या खाणींचं शहर. काळे खडक, मधेमधे तळी, आणि एप्रिलमध्येसुद्धा बर्फ. इथे १९१२ मध्ये प्रांताने शाळांतून फ्रेंच जवळपास हद्दपार केली होती, ते नियम १९२७ पर्यंत टिकले. आणि इथेच १९७५ साली ऑन्टारियोच्या फ्रेंचांचा हिरवा-पांढरा झेंडा पहिल्यांदा फडकला. म्हणजे भांडण जुनं आहे. १९७१ मध्ये क्युबेकबाहेर फ्रेंच भाषकांचं प्रमाण ६.१ टक्के होतं, २०२१ च्या जनगणनेत ते साडेतीनच्या आसपास आलं. म्हातारे जातात, पोरं इंग्रजीत लग्नं करतात, आणि बाहेरून येणारा माणूस साहजिकच इंग्रजी धरतो.

म्हणून २००३ मध्ये ठरलं की क्युबेकबाहेर येणाऱ्यांपैकी ४.४ टक्के फ्रेंच बोलणारे असावेत, २००८ पर्यंत. ते गाठायला २०२२ उजाडलं. २०२३ मध्ये भाषा कायदा बदलून सरकारने स्वतःला बांधून घेतलं, तेव्हा कुठे गाडी पळाली. २०२४ मध्ये आकडा सातच्या वर गेला.

आकडा गाठणं एकट्या केंद्राच्या हातात आहे, माणूस टिकवणं नाही. कागद केंद्राचा, शाळा-दवाखाने-व्यवसायाचे परवाने प्रांताचे, नोकरी गावातल्या मालकाची. २०२५ मध्ये सडबरी, टिमिन्स, केलोना अशा सहा ठिकाणी एक योजना सुरू झाली. गावातल्या संस्थेने मालक निवडायचे, मालकाने नोकरी द्यायची, मग केंद्राने पीआर. फ्रेंच पाचव्या पातळीची चालते. मामेभावाला मी तीच सांगितली. कागदावर छान आहे, पण तीन घरच्या पाहुण्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. माझ्या शेजारची बाई कॅमेरूनमध्ये नर्स होती. फ्रेंच बोलणाऱ्या नर्स हव्यात म्हणून तिला पायघड्या घातल्या आणि इथे आल्यावर परवान्याला दोन वर्षं लावली. केंद्राने पत्रिका धाडली, प्रांताने मांडवाचं दार लावून घेतलं. ती दोन वर्षं तिने वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्यात काढली. ती म्हातारी माणसं मात्र खूश होती, कारण शेवटच्या दिवसांत त्यांना सुचते ती फ्रेंचच.

मी पाळणाघरात शिकवते, फ्रेंचमधून. पहिल्या वर्षी एका सहकारी बाईंनी रविवारी 'दिने'ला बोलावलं. पुण्यात शिकले होते की 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण. दुपारभर दूध आटवून कुंदा केला, लेकीला नवा फ्रॉक घातला आणि सात वाजता आम्ही तिघं दारात हजर. त्या बारा वाजल्यापासून वाट बघून शेवटी जेवल्या होत्या. कॅनडात 'दिने' दुपारी असतं, रात्री 'सुपे'. त्यांनी हसत हसत सगळं पुन्हा गरम केलं. कुंदा बघून विचारलं, हे जळलंय का? मग दोनदा घेतला.

लेक पाच वर्षांची होती. फ्रेंच शाळेत घालायचं तर आम्हाला घटनेचा हक्क नव्हता. तो मुळात नागरिक असलेल्या फ्रेंच आई-बापांच्या मुलांचा. आमच्यासारख्यांसाठी प्रवेश समिती असते. तीन माणसं, एक टेबल, कॉफी. पहिलाच प्रश्न, घरी कोणती भाषा बोलता? मी म्हटलं, मराठी. मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग फ्रेंच कुठे बोलणार?

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. कारण बेळगावात मी ज्या मराठी प्राथमिक शाळेत शिकले तिथे असं कुणी विचारलंच नाही. आमच्या वर्गात चाळीस जण होतो. धाकट्या भावाच्या वेळी बावीस. बाकीचे इंग्रजी माध्यमात गेले, आणि पाठवणारे आई-बाप एक नोव्हेंबरला काळ्या फिती लावणारेच होते. बाहेरून मराठी माणसं आणून शाळा भरण्याची कल्पना आमच्याकडे कुणी मांडली असती तर आधी कानडी बाजूने मोर्चा निघाला असता, मग आपल्याच बाजूने. म्हणून त्या टेबलापलीकडच्या बाईंची काळजी मला अगदी आतून कळली. त्यांना माझ्या परीक्षेचे गुण नको होते, माझ्या घरातली संध्याकाळ हवी होती.

प्रवेश मिळाला. ओळखीची बरीच मंडळी फ्रेंचच्या गुणांवर येतात आणि विमानतळावरून सरळ टोरोंटोजवळचं, भारतीयांनी भरलेलं इंग्रजी ब्रॅम्प्टन गाठतात. पुन्हा 'बोंजूर' म्हणायची वेळ येत नाही. त्यात बेकायदा काही नाही, मला बोलायचा अधिकारही नाही. फक्त मामेभावाला एवढं विचारते की बाबा, परीक्षेनंतर या भाषेचं तू काय करणार आहेस?

माझं काय झालं तेही सांगते. मातृभाषा मराठी, घरी मराठी, येतात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही. अशा माणसाला जनगणनेच्या हिशेबात धड इकडे टाकता येत नाही, धड तिकडे. त्यामुळे अशी सगळी माणसं अर्धी इंग्रजीत धरतात, अर्धी फ्रेंचमध्ये. म्हणजे एवढा खटाटोप करून मी सरकारला मिळाले अर्धी.

हे लेकीला सांगितलं तेव्हा ती गृहपाठ करत होती. तिने मला फ्रेंचमध्ये विचारलं, मग मी किती? मी मराठीत म्हटलं, तू घरी काय बोलतेस त्यावर आहे. तिने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं. तेही फ्रेंचमध्येच.