एसी लावला की काटा काय करतो?

एसी लावल्यावर उभी गाडी थरथरायला लागली की पहिलं बोट कॉम्प्रेसरकडे, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाकडे जातं. मला हे मनापासून खटकतं. एवढा महागडा भाग बदलायला सांगण्याआधी कुणीतरी आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा नीट बघायला हवा ना!

इंजिन पूर्ण गरम झालेलं, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल गाडीचं आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, साधारण ७०० ते ८५० आरपीएम असतं. आता एसी लावायचा आणि कान बॉनेटकडे द्यायचे. ‘टक्’ झालं की कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच लागला. (काही नव्या गाड्यांत हा क्लचच नसतो, तिथे काट्यावरच भिस्त.) एसीची मागणी ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) आधी कळते, तो थोडी जादा हवा सोडतो आणि मग क्लच जोडतो. त्यामुळे धडधाकट गाडीत काटा जरासा झुकतो, लगेच सावरतो आणि बऱ्याचदा आधीपेक्षा थोडा वरच थांबतो.

काटा जागचा हलत नाही, पण स्टीअरिंग थरथरतंय? मग आयडलिंगला हात लावू नका, इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे ते ज्या रबरी आधारांवर बसतं ते, तपासा. रबर बसलं की वाढलेला भार थेट बॉडीत उतरतो.

काटा खोल पडतो, गाडी बंद पडायला येते, तेव्हा मी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) उघडते. आयडलिंगला थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि हवा जाते ती कडेच्या बारीक फटीतून किंवा आयडल व्हॉल्व्हमधून. काजळी धरते नेमकी तिथेच. एसी नसताना ईसीयू कसंबसं भागवून नेतो. भार वाढला की त्याच्या हातात काही उरत नाही. साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये, आतले गिअर दुखावतात. नंतर आयडल री-लर्न, म्हणजे ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवणं, करावंच लागतं, नाहीतर साफ केलेली गाडी उलट जास्त रेस धरते.

क्लच सारखा टकटक करत लागतो-सुटतो आणि काटा त्याच तालावर नाचतो, तर एसीचा गॅस कमी आहे का ते आधी बघा. इंजिन बिचारं ठीक असतं.

माझ्या मामेभावाच्या गाडीने मात्र वेगळंच दाखवलं. तो म्हणाला, “ताई, रस्त्यावर काहीच त्रास नाही गं, सिग्नलला जरा वेळ उभी राहिली की दम कोंडतो तिचा.” या एका वाक्याने माझं निम्मं काम झालं. धावताना कंडेन्सरला (एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला) वाऱ्याने हवा मिळते, उभ्या गाडीत ती पंख्याने ओढायची असते. एसी लावून पुढे जाऊन पाहिलं, तर पंखा निपचित. गॅस थंड होत नव्हता, दाब चढत होता आणि तो दाब ढकलायला इंजिनाची ताकद जात होती. पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, गेला होता. एका गॅरेजने त्याला नवा कॉम्प्रेसर सुचवला होता!

यातून काहीच हाती लागलं नाही, तरच ईसीयूतले एरर कोड वाचणारा स्कॅनर जोडा. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. पण कोड नुसती तक्रार सांगतो, कारण नाही. मी फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, बघते. आयडलिंगला तो बराच प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्यावर आला, तर कुठेतरी व्हॅक्यूम गळतंय, म्हणजे न मोजलेली हवा आत शिरतेय. होजपाइप आणि इनटेकचं गॅस्केट तिथून पुढे बघायचं. ट्रिम सरळ असूनही भाराखाली इंजिन मिसिंग करत असेल, तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघायचे.