परदेशी सून, ठाण्याचा पत्ता आणि सात वर्षांचा हिशोब

घोडबंदर रोडच्या सोसायटीत परदेशी सून असणं किंवा अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन परत आलेलं मराठी कुटुंब खारघरला राहत असणं, यात आता कुणाला नवल वाटत नाही. अशा घरात भारतीय नागरिकत्वाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लग्नाला सात वर्षं झाली, आता अर्ज भरता येईल ना?" गोंधळ इथूनच सुरू होतो. लग्न किती वर्षांचं आहे हे कायदा बघत नाही, भारतात किती दिवस राहिलात ते बघतो.

नागरिकत्व कायदा, १९५५ मधलं कलम ५(१)(सी) भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीसाठी आहे. अर्जाच्या आधी सात वर्षं ती व्यक्ती सर्वसाधारणपणे भारतात राहणारी असली पाहिजे, अशी अट आहे. 'सर्वसाधारणपणे' म्हणजे काय ते त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिलंय, आणि तेच कुणी वाचत नाही. सात वर्षांचे तिथे दोन तुकडे केलेत. अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात राहिलेलं हवं. त्या १२ महिन्यांच्या मागच्या ८ वर्षांत मिळून किमान ६ वर्षं भारतात राहिलेलं हवं. म्हणजे एकूण चौकट ९ वर्षांची. त्यातल्या जुन्या ८ वर्षांत तुम्हाला साधारण ७३० दिवस बाहेर राहण्याची मुभा आहे आणि शेवटच्या वर्षात एकाही दिवसाची नाही.

कागदावर मांडून बघू. समजा, सून १० जानेवारी २०१८ ला मुंबईत उतरली आणि ठाण्यात राहू लागली. दरवर्षी १ मे ला माहेरी जायचं आणि ११ जूनला परतायचं, म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा दिवस धरून ४२ दिवस. घरच्यांच्या हिशोबाने सात वर्षं १० जानेवारी २०२५ ला भरली. पण २०१८ ते २०२४ या काळात माहेरच्या सात फेऱ्या झाल्या. ४२ गुणिले ७ म्हणजे २९४ दिवस. तेवढे दिवस पुढे सरकलं की तारीख येते ३१ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी अर्ज करायचा तर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून देश सोडलेला नको, म्हणजे मे २०२५ ची फेरी रद्द करावी लागते. ती केली नाही, तर १२ महिने १२ जून २०२५ पासून नव्याने मोजायचे आणि अर्ज थेट जून २०२६ मध्ये. दीड महिन्याच्या माहेरपणाची किंमत साडेसात महिने होते, आणि ती कळते अर्ज भरायला बसल्यावर.

एकेक दिवस मोजून काठावर अर्ज करू नये. जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही दिवस बाहेरचे धरावेत आणि वर महिनाभर तरी शिल्लक ठेवावा. जास्त दिवस राहिलात म्हणून कुणी अडवणार नाही, दोन दिवस कमी पडले तर मात्र सगळी फाइल अडते.

शेवटच्या १२ महिन्यांना थोडी सूट आहे. २०१५ च्या दुरुस्तीनुसार विशेष परिस्थिती असेल, तर केंद्र सरकार कारण लेखी नोंदवून जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत शिथिलता देऊ शकतं, आणि हे ३० दिवस तुकड्यातुकड्याने असले तरी चालतात. पण ती सरकारने द्यायची सवलत आहे, तुमची हक्काची रजा नव्हे. 'तीस दिवस चालतात' असं ऐकून कुणी सुट्टीचं तिकीट काढू नये. आईवडिलांचं आजारपण, कुणाचा मृत्यू अशा कारणासाठी जावं लागलं, तर हॉस्पिटलची कागदपत्रं किंवा मृत्यूचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जपून ठेवा आणि अर्जासोबत लावा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. माहेरी आई शेवटच्या आजारात असेल, तर जाऊ द्या. घरातल्या माणसांनी "आता कशाला, वर्ष वाया जाईल" असं म्हणू नये. ३० दिवसांच्या वर गेलं तरी मागच्या वर्षांतले दिवस बुडत नाहीत, फक्त १२ महिने नव्याने मोजावे लागतात. तारीख पुढे जाते, बाकी काही बिघडत नाही. एरवी मात्र ते वर्ष आखून घ्यावं: ते सुरू व्हायच्या आधीच माहेरी जाऊन यायचं आणि त्या वर्षात तिच्या आईवडिलांनाच ठाण्याला बोलवायचं.

दिवस मोजायचे ते पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून. तिकिटाची तारीख आणि शिक्क्याची तारीख यात मुंबईहून जाताना हमखास फरक पडतो, कारण परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ५ मे, पहाटे १:४०. इमिग्रेशन झालं ४ मे च्या रात्री साडेदहाला. शिक्का ४ मे चा. अर्जात तिकीट बघून ५ लिहिलं की पासपोर्टशी जुळत नाही. एका साध्या वहीत प्रत्येक फेरीची एक ओळ करा: जाण्याचा शिक्का, येण्याचा शिक्का, देश, बाहेरचे दिवस, पासपोर्ट क्रमांक, पासपोर्टचं पान. नऊ वर्षांत पासपोर्ट बहुधा एकदा तरी बदलतो. जुना पासपोर्ट वकिलातीत जमा करताना तो रद्द करून परत मिळेल का, हे आधीच विचारा, आणि तो हातातून जाण्याआधी कोऱ्या पानांसकट सगळी पानं स्कॅन करून ठेवा. शिक्का पुसट असेल तर बोर्डिंग पास आणि विमान कंपनीचा ईमेल उपयोगी पडतो. विमानतळावर ई-गेटने ये-जा करणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय मुळाच्या किंवा भारतीयाशी लग्न झालेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) कार्डधारकांनी तर बोर्डिंग पास टाकूच नयेत.

देशात होतात हे शिक्क्यांनी सिद्ध होतं. ठाण्यात राहत होतात हे वेगळ्या कागदांनी दाखवावं लागतं, आणि भाड्याच्या घरात इथेच गाडी अडते. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. जुना ३१ मार्चला संपतो, घरमालक गावी असतो, एजंट चालढकल करतो आणि नवा करार २० एप्रिलपासून नोंदवला जातो. तुम्ही त्याच घरात असता, पण कागदावर १९ दिवस तुमचा पत्ता नसतो. आठ-नऊ वर्षांत अशी चार-पाच भोकं सहज पडतात. नवा करार जुना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होईल असं बघा, आणि जमलं तर ३३ किंवा ३६ महिन्यांचा करून टाका. जुन्या भोकांसाठी त्या महिन्यांची वीजबिलं, भाडं दिल्याच्या बँकेतल्या नोंदी आणि सोसायटीचं पत्र गोळा करा. सोसायटीच्या पत्रात नुसतं "येथे राहतात" असं नको. फ्लॅट नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि सेक्रेटरीची सही-शिक्का हवा. करार आणि वीजबिल बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतं, सुनेचं नाव कुठेच नसतं. त्यासाठी लग्नानंतर लगेच जोडखातं उघडावं आणि करारात तिचंही नाव घालावं. भारतात गेल्या १२ महिन्यांत १८२ दिवस राहिलेल्या परदेशी व्यक्तीला आधार मिळतं, तेही काढावं. आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण पत्त्यासाठी उपयोगाचं आहे.

घर बदललं की ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या) पोर्टलवर पत्ता बदलायचा. व्हिसावर राहणाऱ्यांकडून हे राहून जातं आणि मग चौकशीला पोलीस जुन्या पत्त्यावर जातात.

व्हिसाबद्दल आणखी एक. कलम ५ आणि ६ खाली अर्ज करणारी व्यक्ती बेकायदा स्थलांतरित नसावी, आणि वैध कागदांवर येऊन मुदतीनंतर राहिलेला माणूसही त्या व्याख्येत बसतो. म्हणजे मुदतवाढीचा अर्ज करायचा विसरून व्हिसा संपल्यावर काढलेले पंधरा दिवस नंतर दंड भरून मिटले असं समजू नका. मुदत संपायच्या दोन महिने आधी मोबाइलवर आठवण लावा आणि संपण्याआधी अर्ज केल्याची पावती जपा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आल्यानंतर १४ दिवसांत करायची नोंदणीही वेळेत झाल्याचा कागद हवा.

आता रस्ता कोणता निवडायचा. कामानिमित्त किंवा आईवडिलांसाठी सतत ये-जा करावी लागणाऱ्या जोडीदाराला ५(१)(सी) मधली 'आठात सहा' ही अट झेपत नाही. त्यांनी ५(१)(जी) बघावं. ओसीआय कार्डधारक म्हणून नोंदणी होऊन ५ वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी १२ महिने भारतात राहिलेलं हवं, बस. त्या पाच वर्षांतल्या फेऱ्यांचा हिशोब तिथे नाही. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला लग्न नोंदवून आणि टिकून २ वर्षं झाल्यावर ओसीआय मागता येतं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व स्वतःचं किंवा आईवडील, आजीआजोबा, पणजीपणजोबा यांपैकी कुणाचं कधी असेल तर मात्र नाही. म्हणून लग्नाची नोंदणी लांबवू नका. हॉलमधल्या लग्नाच्या फोटोंवर कुठलीच मुदत सुरू होत नाही. घटस्फोट झाल्यास जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय रद्द होऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

परत आलेल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी जवळची वाट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. जो स्वतः किंवा ज्याचे आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते, अशा सज्ञान व्यक्तीला ५(१)(एफ) खाली फक्त १२ महिन्यांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. ओसीआयची पाच वर्षं थांबायची गरज नाही. न्यू जर्सीत जन्मलेला, आता बावीस वर्षांचा मुलगाही यात बसतो. पुरावा म्हणून जुना भारतीय पासपोर्ट आणि तो सरेंडर केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते हरवलं असेल तर दिवस मोजायला लागण्याआधी ते शोधायला लागा.

भारताशी लग्नाचं किंवा रक्ताचं नातं नसलेल्यांना कलम ६ आहे. १२ महिने सलग आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं. त्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. ठाण्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाने मराठीचं प्रमाणपत्र लावावं, हिंदीच हवी असं काही नाही.

अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा आणि प्रिंट, मूळ कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं. नवी मुंबईकरांची इथे फसगत होते. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याला कोर्ट नाक्याजवळचं कार्यालय. बेलापूरच्या पुढचंच स्टेशन खारघर, पण ते रायगडमध्ये. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे इथल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. पोलीस मात्र दोन्हीकडे नवी मुंबई आयुक्तालयाचेच, त्यामुळे 'नवी मुंबई' एवढाच पत्ता बघून लोक ठाण्याचा जिल्हा निवडतात. मीरा-भाईंदरचं उलटं आहे: जिल्हा ठाणे, पोलीस आयुक्तालय वेगळं. पत्त्यात जिल्ह्याचं नाव स्पष्ट लिहा आणि सगळ्या कागदांवर एकच स्पेलिंग ठेवा. ऑनलाइन अर्ज केल्यानंतर कागद प्रत्यक्ष दाखल होईपर्यंतही देश सोडू नका, म्हणजे कोणती तारीख धरायची यावरून वाद उरत नाही.

पुढे पोलीस चौकशी होते, फाइल राज्याच्या गृह विभागातून दिल्लीला जाते. या सगळ्याला वेळ लागतो आणि अर्ज प्रलंबित असणं म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसाची मुदतवाढ आधीसारखीच वेळेवर करत राहायची. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे मूळ देशाचं नागरिकत्व सोडावंच लागतं. पण ते गृह मंत्रालयाकडून अर्ज तत्त्वतः मान्य झाल्याचं पत्र हातात आल्यावरच सोडायचं. घाईने आधीच सोडलं आणि इथली फाइल दिवस कमी पडल्याने परत आली, तर त्या बाईचा कुठलाच देश उरत नाही. पत्र आलं की मूळ देशाच्या वकिलातीत नागरिकत्व सोडल्याचा दाखला घ्यायचा, तो जोडायचा, निष्ठेची शपथ घ्यायची आणि मग नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं.

मुलांची काळजी बहुतेक घरात उगाच केली जाते. आई परदेशी, पण कायदेशीर व्हिसावर किंवा ओसीआयवर इथे राहणारी, आणि वडील भारतीय नागरिक असतील, तर ठाण्यात जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय आहे. त्याच्यासाठी दिवस मोजायचे नाहीत. फक्त जन्मदाखल्यावर आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहून घ्या. तिथे मधलं नाव नवऱ्याचं घातलं गेलं, तर आईच्या अर्जाच्या वेळी नाव जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.