ईकोतला पलंग आणि चार फेरीबोटी: मुरुड ते गणपतीपुळे

झोपायची सोय असलेला ट्रेलर ओढत कोकण किनारा करायचा बेत असेल, तर तो सोडून द्या. कायद्याने ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते आणि घरी वेल्ड केलेल्या ट्रेलरला ती मिळणं फार अवघड. शिवाय फेरीबोटीवर पुष्कळदा गाडी रिव्हर्समध्ये चढवावी किंवा उतरवावी लागते. जेट्टीच्या अरुंद उतारावर, मागची रांग हॉर्न वाजवत असताना, ट्रेलर उलटा घालून बघा! त्यापेक्षा पाच सीटर मारुती ईकोत उचलून काढता येणारा पलंग बसवावा. बॅटरी-गादीसकट खर्च साधारण २५ ते ३० हजार.

पलंग ६ बाय ४ फुटांचा, उंची १२ इंच. त्याहून उंच केलात तर वर ताठ बसता येत नाही. कमी केलात तर खाली क्रेट जात नाहीत. सांगाडा २५ मिमी चौकोनी पाइपचा, जाडी १.६ मिमी. एकूण १६ मीटर पाइप लागतो, वजन १९ किलो. वर १२ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) प्लाय, तीन तुकडे, बिजागऱ्यांवर दुमडणारे. आडवे पाइप दर १८ इंचांवर हवेत; २ फुटांवर टाकले की फळी मधे झोल धरते. सुतार १८ मिमी प्लाय सुचवेल, ऐकू नका: नुसतीच ८ ते ९ किलोंची भर. पाइप आणि फळीच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा, नाहीतर श्रीवर्धनच्या रस्त्यावर पलंग अखंड करकरतो.

मागचं सीट सोडवून घरी ठेवा, विकू नका. त्याच्या मोकळ्या झालेल्या भोकांत त्याच मापाचे आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेले) लावून रॅचेट पट्ट्याने (खटक्याने आवळत जाणाऱ्या) पलंग आवळायचा. कचकन ब्रेक लागला तर सुटा पलंग सामानासकट थेट ड्रायव्हरच्या पाठीत येतो.

मुरुडहून आगरदांडा–दिघी ही पहिली फेरी. पुढे दिवेआगरला सुरूच्या बनात गाडी लावायचा मोह होतोच. तिथे वाळूवर सुरूच्या काड्यांचा तपकिरी थर असतो, चालताना जमीन घट्ट लागते, पण चाक दोन फेऱ्यांतच काड्या बाजूला सारून वाळूत बसतं. ईकोची ताकद मागच्या चाकांना जाते आणि पलंग-पाण्याचं वजनही तिथेच, म्हणून रेस केली की ती आणखी खोल जाते. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांसमोर पोती घाला, दुसऱ्या गिअरमध्ये अलगद निघा. हवा भरायचा पंप त्यासाठी जवळ हवाच. नारळाखाली तर गाडी लावूच नका, कारण उघड आहे. मुक्कामाला एखाद्या घरगुती खानावळीचं अंगण विचारून, पैसे ठरवून घ्यावं. संडास-पाण्याचा प्रश्न सुटतो.

बागमांडला–वेश्वी ओलांडून केळशी-आंजर्ल्याकडे वळलं की खरी परीक्षा रात्रीची. थंडीतसुद्धा दमट हवा असते. दोघांच्या श्वासाने पहाटेपर्यंत काचांवरून पाणी ओघळून गादीच्या कडा भिजतात. पुढच्या दोन्ही काचा दीड इंच उघड्या ठेवाव्या आणि दारावर उशीच्या खोळीसारखी शिवलेली मच्छरदाणीची जाळी ओढावी. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे रात्रभरात ४ अँपिअर-तास (बॅटरीतल्या साठ्याचं माप) खातात. दिवा आणि दोन मोबाइल धरून रोजचे ८ ते ९. त्यामुळे २० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी दोन रात्री पुरते. ती अल्टरनेटरला (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राला) थेट जोडू नका, मधे १० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ही बॅटरी बेताने भरणारा) घाला. वायर ४ चौरस मिमी, फ्यूज २० अँपिअर, तोही गाडीच्या बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. दीड चौरस मिमीच्या वायरीत तीन मीटरमध्येच पाऊण व्होल्टच्या वर घट होते आणि चार्जर चालू-बंद होत राहतो.

स्वयंपाक मागचं दार वर उचलून त्याच्या आडोशाला. पाऊस-वारा असला तरी शेगडी आत पेटवायची नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो आणि त्याचा वासही येत नाही.

दाभोळ–धोपावे ही तिसरी फेरी चुकली तर गुहागरला चिपळूणमार्गे जावं लागतं, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी जेट्टीवरच विचारा. पावसाळ्यात तर विचारल्याशिवाय निघूच नका. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी रमत करा आणि तवसाळ–जयगड उजेडी ओलांडा. जयगडहून गणपतीपुळे जवळच.

घरी आल्यावर पलंग बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवा. पाइपची उघडी तोंडं आधीच वेल्डिंगने बंद करून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारलेला असावा. गंज आतून धरतो आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाच पाय वाकतो.