'जोज गराज' : चौथ्या फेरीची नोंद

अमेरिकन गिटारवादक-संगीतकार फ्रँक झापाचा हा अल्बम म्हणजे तीन अंकांत कथा सांगणारा रॉक ऑपेरा. तो मुळात दोन हप्त्यांत आला. 1979 च्या सप्टेंबरमध्ये पहिला अंक एका एलपीवर, नोव्हेंबरमध्ये दुसरा-तिसरा अंक दोन एलपींवर. सलग ऐकायला दोन तासांच्या आसपास लागतात. एकत्र बसून तो पुन्हा पुन्हा ऐकताना चौथ्या फेरीपर्यंत ऐकणाऱ्यांची मतं बरीच सरकली, पण एका मुद्द्यावर अजून एकमत नाही: गिटारचे सोलो 'सुटे' वाटतात. खाली बँड एक वाजवतोय, वर गिटार भलतंच बोलतंय.

ही तक्रार करणाऱ्यांचा कान बरोबर आहे. 'क्रू स्लट' आणि 'वॉटरमेलन इन ईस्टर हे' सोडले, तर इथले सोलो त्या त्या गाण्यावर वाजवलेलेच नाहीत. मैफलींच्या टेपवरून उचलून, वेगळ्या लयीच्या स्टुडिओ ट्रॅकवर ते बसवले आहेत. झापा याला झेनोक्रोनी म्हणायचा. ड्रमवादक विनी कोलायुटाचे ड्रम्स गिटारला उत्तर देताहेत असा भास होतो तो यामुळेच, आणि तो योगायोग निवडून ठेवणं हीच इथली रचना.

ऐकताना चूक कुठे होते? लोक गिटारच्या फ्रेजवरून सम शोधतात. ती सापडत नाही, कारण गिटारची सम दुसऱ्याच गाण्यातली आहे. उलट करा. पायाने फक्त ड्रम्स आणि बेस धरा, गिटारकडे काही आवर्तनं दुर्लक्ष करा, पाय पक्का झाला की मग वर लक्ष न्या. 'आउटसाइड नाऊ' पासून सुरुवात सोपी: 11/8, म्हणजे अकरा मात्रांचं आवर्तन, आणि आकृती एकसारखी फिरत राहते. विभाग न पाडता सरळ अकरा मोजा. 'कीप इट ग्रीझी'तला 19/16 चा भाग मात्र मोजून हाती लागत नाही, वेग जास्त आहे. चार-चारचे चार गट आणि शेवटी तीन, असं तोंडाने म्हणा. पुढे 21/16 येतो: चारचे पाच गट आणि एक. हळू करून ऐकायचं तर प्लेअरमध्ये वेग 70 टक्क्यांवर आणताना स्वर न बदलणारा पर्याय निवडा. त्याहून हळू केलं तर झांजांचा आवाज विरघळतो आणि गट ऐकू येत नाहीत.

'वॉटरमेलन'चा सोलो मात्र त्याच ट्रॅकवर वाजवलेला आहे, आणि फरक लगेच कळतो. 9/4 मध्ये संथ आवर्तन, गिटार समेवर श्वास घेतं. हे आधी ऐकलं तर बाकीचे सोलो तुटक वाटणारच, म्हणून नवख्याला इथून सुरुवात करून देऊ नये. कथेतही ते शेवटाकडेच हवं: संगीतावर बंदी आलेल्या जगात कथेचा नायक ज्यो, त्याच्या मनात उरलेला हा काल्पनिक सोलो आहे. बंदीची कल्पना हवेतली नव्हती. अल्बमच्या टिपणात इराणमधल्या संगीतबंदीचा थेट उल्लेख आहे.

विडंबनाबद्दल मतं जास्त कडवी आहेत. कथेतला सरकारी निवेदक सेंट्रल स्क्रुटिनायझर, त्याचं प्लॅस्टिकच्या कर्ण्यातलं निवेदन (आवाज झापाचाच) पहिल्या फेरीत सगळ्यांना रसभंग वाटलं. तिसऱ्या फेरीत ते वगळून पाहिलं तर 'वॉटरमेलन'चा परिणाम निम्मा झाला. अडवणाऱ्या आवाजानंतरच ती गिटार मोकळी वाटते. पहिल्या अंकातली बायकांवरची गाणी मात्र कितीही फेऱ्या केल्या तरी खुपतात. सत्तेची खिल्ली उडवताना जी धार आहे ती तिथे बोथट होते, आणि नेम दुबळ्यावर लागतो. हा आक्षेप कायम ठेवला आहे.

पुढच्या फेरीत फक्त 'पॅकार्ड गूस' हे गाणं: आधी हेडफोनवर, डावी-उजवी बाजू वेगवेगळी ऐकून.