ठिपकाच येणार, पण सरकलेला

तुम्ही विचारलंत म्हणून. गच्चीवर दुर्बीण मांडली की सोसायटीतलं कोणीतरी हमखास विचारतं: एवढी आठ इंची दुर्बीण, तरी जवळच्या ताऱ्याचा फोटो ठिपकाच का? आणि ठिपकाच येणार, तर काढायचा कशाला?

ठिपका का, ते लवकर आटपतं. आठ इंची आरशाला फार तर अर्ध्या विकलेपर्यंतचा तपशील दिसतो. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. सूर्याहून थोडा मोठा आणि अगदी शेजारचा मित्र ताराही इथून विकलेच्या शंभराव्या भागाहून लहान भरतो. फोटोत तेजस्वी तारे मोठे दिसतात तो नुसता सांडलेला प्रकाश.

कशाला, तर तारा हलतो म्हणून. भुजंगधारी समूहातला बर्नार्डचा तारा जेमतेम सहा प्रकाशवर्षांवर आहे आणि वर्षाला १०.४ विकला सरकतो, जवळजवळ सरळ उत्तरेला. १९१६ साली अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ई. ई. बर्नार्ड यांनी ही चाल ओळखली. तुमच्या कॅमेऱ्यात ती किती दिसेल? पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागा. ३.७ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १००० मिमीची दुर्बीण असेल तर एका पिक्सेलला ०.७६ विकला, म्हणजे वर्षाला १३-१४ पिक्सेल. २०० मिमीच्या साध्या लेन्सलाही दोन वर्षांत पाचेक पिक्सेलचा फरक मिळतो.

सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा का नको? पुण्यातून तो दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त नऊ अंश चढतो. तिकडे कात्रजचे डोंगर, शहराचा उजेड आणि धूळ, आणि तारा अकराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा मोठा तितका तारा मंद). हट्ट सोडा. बर्नार्डचा तारा ७६ अंशांपर्यंत वर येतो.

आता शोधणं. २००० सालच्या स्थानांवर बेतलेल्या नकाशात तो जिथे दाखवलाय, तिथून आता चार कलांहून (कला म्हणजे साठ विकला) जास्त उत्तरेला आहे, म्हणून जुना नकाशा घेतलात तर भलत्याच ताऱ्याचा फोटो येईल. चालू तारखेचं स्थान देणारं सॉफ्टवेअर वापरा.

न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीला डीएसएलआर कॅमेरा लावला की फोकसर (फोकस जुळवायची आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत गेला तरी फोकस जुळत नाही, अशी तक्रार नेहमीची. कॅमेऱ्याचा सेन्सर बॉडीत खोल असतो, प्रतिमा त्याच्या आधीच तयार होते. मुख्य आरसा नळीत दोन-तीन सेंटिमीटर पुढे घ्या किंवा बार्लो (प्रतिमा मागे सरकवणारं जोडभिंग) लावा. बारीक फोकससाठी पुठ्ठ्याचा बाहतिनोव मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची फटींची जाळी) कापून स्वाती किंवा अभिजितवर जुळवा.

तारे सरकतात तशी दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा, म्हणजे तिच्या बैठकीचा, अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यात ध्रुव अवघा साडेअठरा अंशांवर. उत्तरेला इमारत असली की संपलं. मोबाइलचं होकायंत्र स्लॅबच्या सळयांजवळ फसवतं. त्यापेक्षा दक्षिणेकडे मध्यान्हवृत्ताजवळचा (डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेषेजवळचा) तारा फुलीच्या रेषा असलेल्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, धरून पाच मिनिटं पाहा: तो दक्षिणेकडे घसरला तर माउंटचा अक्ष पूर्वेकडे जास्त वळलाय, उत्तरेकडे गेला तर पश्चिमेकडे. चूक अर्ध्या अंशाच्या आत आणली की पुरे.

कारण एक्स्पोजर लांब द्यायचंच नाही. आठ इंची आरशात साडेनवव्या प्रतीचा ताराही मधले पिक्सेल पटकन भरून टाकतो, आणि भरलेल्या ठिपक्याचा मध्य नेमका काढता येत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ४००, पाच सेकंद, रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल), असे चाळीस फोटो. मग पार्श्वभूमीच्या ताऱ्यांवर जुळवून डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. एप्रिल-मेमध्ये स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो आणि तारे उकळत असल्यासारखे दिसतात, पहाटेच काढा. फोटो चालू असताना गच्चीवर कुणी चालायचं नाही, पाण्याचा पंपही बंद.

दर वर्षी त्याच महिन्यात काढा, हे मात्र पाळाच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून हा तारा वर्षभरात १.१ विकला इकडेतिकडे झुलतो. महिना बदललात तर तो झोका मोजमापात मिसळतो. झोकाच मोजायचा असेल तर मार्च आणि सप्टेंबर उत्तम, कारण तेव्हा तो पूर्व-पश्चिम पडतो आणि ताऱ्याची स्वतःची चाल उत्तरेकडची, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखू येतात. पुण्यात सप्टेंबर ढगांचा, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, अंधार पडल्या पडल्या. सारा झोका दीड पिक्सेलचा, तेव्हा चाळीस फोटो कमीच पडतील. दोनशे काढा.