तुम्ही विचारलंत म्हणून: खिंडार दिसतंय, मग भरत का नाहीत?

रविवारी दुपारी बाराची मॅच असली की ओव्हरलँड पार्कला आमच्या घरी मंडळी जमतात. कॅन्सस सिटी चीफ्स या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅच असते, पोहे असतात, आणि दुसऱ्या क्वार्टरपर्यंत कुणीतरी मला विचारतंच, "वहिनी, लेफ्ट टॅकलची जागा लंगडी आहे हे आपल्याला सोफ्यावरून दिसतंय. मग तो जीएम ती भरत का नाही?" दर वेळी उत्तर अर्धवट राहतं, कारण बोलता बोलता पुढचा स्नॅप होतो, म्हणजे पुढचा डाव सुरू होतो. आज सवडीने सांगते.

जीएम म्हणजे संघात कोण खेळाडू घ्यायचे ते ठरवणारा जनरल मॅनेजर. त्याला दिसत असतं. पण ते उरलेल्या 31 संघांनाही दिसत असतं, खरी अडचण तिथे आहे.

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. त्याच्यासमोर पाच जणांची भिंत, म्हणजे लाइन: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. लेफ्ट टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीचा राखणदार. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की डावीकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. हे काम चोख करणारी माणसं मोजकी, आणि ज्याच्याकडे तसा माणूस आहे तो त्याला सहसा सोडत नाही. म्हणजे विकत घ्यायला बाजारात फारसं कुणी नसतं. राहिला ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंची वार्षिक निवड. तिथे हरलेल्यांना आधी संधी आणि जिंकलेल्यांना शेवटी. चीफ्स त्या वर्षांत सतत जिंकत होते, त्यामुळे त्यांचा नंबर येईतो ताट बहुतेक रिकामं झालेलं असायचं. 2024 मध्ये पहिल्या वीस निवडींतच सहा टॅकल उचलले गेले. चीफ्सची पाळी होती 32वी. चार जागा पुढे सरकून त्यांनी 28व्या क्रमांकावर चेंडू झेलणारा रिसीव्हर घेतला, झेवियर वर्दी.

पैशाचंही तसंच. मालक कितीही गडगंज असो, पगाराची कमाल मर्यादा सगळ्यांना सारखीच. 2024 मध्ये ती 25 कोटी 54 लाख डॉलर होती. अंथरूण प्रत्येकाला तेवढंच, पाय कुठे पसरायचे ते जीएमने ठरवायचं. चीफ्सचा जीएम ब्रेट व्हीच याने त्या मार्चमध्ये ख्रिस जोन्सला पाच वर्षांसाठी 15 कोटी 87 लाखांचा करार दिला. मी तो बरोबरच मानते. बचावाच्या मधोमध असा माणूस पुन्हा मिळत नाही.

पण व्हीचला खिंडार बुजवता येत नाही असं कुणी म्हटलं की मला 2021 आठवतं. त्या फेब्रुवारीतला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, टॅम्पाला झाला. दोन्ही नेहमीचे टॅकल जायबंदी. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सवर 29 वेळा दबाव आला, चीफ्स 31-9 हरले. एक चेंडू तर त्याने हवेत जमिनीशी समांतर, पडता पडता फेकला. तो एन्ड झोनमध्ये, म्हणजे झेलला तर गुण मिळतात त्या पट्ट्यात, सहकारी डॅरेल विल्यम्सच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळून खाली पडला. तशा अवस्थेतून इतका नेमका फेकणाऱ्याला समोर पाच धड माणसं मिळू नयेत, याने माझा जीव तुटला होता.

व्हीचने सगळी भिंतच पाडली. त्या मार्चमध्ये एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ दोघांनाही सोडलं. डाव्या गार्डच्या जागी जो थूनीला मोठ्या पगारावर आणलं. लेफ्ट टॅकल ऑर्लँडो ब्राउनला बाल्टिमोरकडून ट्रेडमध्ये घेतलं. सेंटर क्रीड हम्फ्री ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत 63वा, आणि उजवा गार्ड ट्रे स्मिथ थेट 226वा. मला यात आवडतं ते हे, की त्याने सगळी भिस्त ड्राफ्टवर ठेवली नाही. मोठ्या जागा एप्रिलच्या ड्राफ्टआधीच भरल्या, म्हणून ड्राफ्टच्या दिवशी अडून न बसता समोर आलेला चांगला माणूस उचलता आला. दोन वर्षांनी सुपर बोलमध्ये समोर फिलाडेल्फियाचा संघ होता, मोसमात 70 सॅक करून, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच 70 वेळा आडवं करून आलेला. त्या रात्री महोम्सला एकदाही सॅक करता आलं नाही. चीफ्स 38-35 जिंकले.

माझं भांडण आहे ते पुढच्या वर्षांशी. ब्राउन 2023 मध्ये सिनसिनाटीला गेला. त्या जागी एक वर्षासाठी डॉनोव्हन स्मिथ. मग 2024 मध्ये पुन्हा 63वी निवड, किंग्सली सुआमाताइआ, वय 21, आणि सप्टेंबरपासून तोच लेफ्ट टॅकल. जोन्सला पैसे दिले म्हणून महागडा टॅकल परवडला नाही, हे मान्य. पण पोराला शिकेपर्यंत सावली देणारा एखादा जुनाजाणता उन्हाळ्यातच घ्यायला हवा होता. सिनसिनाटीविरुद्धची मॅच मी चीफ्सच्या ॲरोहेड स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून पाहिली. तिथून लाइन पूर्ण दिसते. सिनसिनाटीचा ट्रे हेंड्रिक्सन पुन्हा पुन्हा बाहेरून वळसा घालून आत शिरत होता आणि सुआमाताइआचे पाय प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे राहत होते. शेवटी त्याला बाहेर बसवलं. त्याचे खांदे पाहवत नव्हते.

मग त्या जागी वान्या मॉरिस. नोव्हेंबरात डी. जे. हम्फ्रीज आणला, तोही दुखावला. डिसेंबरात थूनीलाच गार्डवरून टॅकलवर सरकवलं, आणि गार्डची जागा उघडी पडली. एका खिंडाराची दोन झाली. ठिगळांवर ठिगळं लावून संघ सुपर बोलपर्यंत पोचला, ही खेळाडूंची कमाई. तिथे पुन्हा तेच फिलाडेल्फिया. त्यांनी जादा माणसं न पाठवताच, नुसत्या पुढच्या चौघांच्या जोरावर महोम्सला सहा वेळा आडवं केलं. मध्यंतराला 24-0, अखेरीस 40-22.

2025 मध्ये व्हीचने चूक दुरुस्त केली. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा जेलन मूर घेतला. मग एप्रिलमध्ये 32व्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स. त्याच्या गुडघ्याला आदल्या ऑक्टोबरात मोठी दुखापत झाली होती, म्हणूनच तो तिथवर घसरला. धोका होता. पण शेवटी निवडणाऱ्याला पहिल्या प्रतीचा टॅकल असाच मिळतो, काहीतरी दुखतंखुपतं असलेला.

ही निवड जाहीर झाली तेव्हा घरात टाळ्या वाजल्या. तेवढ्यात एकाने विचारलं, "वहिनी, थूनीला तर मार्चमध्येच शिकागोला देऊन टाकलंय. लेफ्ट गार्डला आता कोण?"

सुआमाताइआ. मोसम सुरू झाला तेव्हा त्या जागी तोच उभा होता.