एक रोल, छत्तीस फोटो आणि महाराजबागेतली शेवंती

आमच्या कॉलनीचं मंडळ तसं गणपतीचंच, दहा दिवस मांडव, आरत्या, एक दिवस महाप्रसाद, पण मला विचाराल तर मंडळाचा माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम डिसेंबरात असायचा. नाताळच्या सुट्ट्यांमधल्या एका रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून नागपुरातल्या महाराजबागेत जायचं, फुलांचे फोटो काढायचे, आणि फोटो धुवून आले की संक्रांतीला मंडळाच्या हॉलमधे दोरीवर चिमट्यांनी लावून तिळगूळ वाटायचा. बस एवढंच. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, पाहुणे नाही, भाषण नाही. मी पहिल्यांदा गेलो ते १९९१ साली, सातवीत होतो, आणि आज माझी पोरगी सातवीत आहे अन् तिला घेऊन जातो.

कॅमेरा होता एकच. बँकेतल्या काकांचा याशिका, चामड्याच्या कव्हरातला, आणि त्यात ३६ फोटोंचा एक कलर रोल, १०० नंबरचा. माणसं आम्ही पोट्ट्यांसकट तीसच्या आसपास. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक फोटो, आणि जे पाच-सहा उरतील ते संध्याकाळी सदर भागातल्या नाताळच्या लायटिंगसाठी राखून ठेवायचे. रोलचे पैसे मंडळ द्यायचं, धुलाई-प्रिंटचे पैसे वर्गणी काढून. तेव्हा एक प्रिंट म्हणजे घरात जपून ठेवायची वस्तू होती.

एकच फोटो मिळणार म्हटल्यावर माणूस कसा पाहतो ते मी त्या बागेत पाहिलं. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात सूर्य उगवायला पावणेसात होतात, आम्ही त्याच्या आधीच गेटवर, कानटोप्या, मफलर, तोंडातून वाफ. आतून प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडून कधीकधी वाघाची डरकाळी यायची आणि लहान पोरं आईच्या शालीत शिरायची. महाराजबाग मुळात भोसल्यांची, आता पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे, त्यामुळे तिथली झाडं नुसती शोभेला लावलेली वाटत नाहीत, कुंड्यांमागे कोणाचातरी अभ्यास आहे हे दिसतंच. काकांचा नियम असा की आधी आपल्या फुलाभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, मग खाली बसून पाहायचं, मग मला बोलवायचं. बोलावल्यावर ते क्लोजअपची काच लेन्सवर फिरवून लावायचे, कॅमेरा हातात द्यायचे आणि स्वतः मागे काळी छत्री उघडून धरायचे, म्हणजे मागची गर्दी, पाट्या, सायकली सगळं गायब अन् समोर फक्त फूल. दव असायचं पाकळ्यांवर, पाणी शिंपडायची गरजच नव्हती.

डेलिया असायचे ताटाएवढे, साल्विया, पिटुनिया, डॉग फ्लॉवर ज्याचं तोंड दाबलं की उघडते म्हणून पोरं दाबत बसायची आणि माळीकाका ओरडायचे. पण मन जायचं ते शेवंतीवरच. पिवळी, पांढरी, जांभळट, कोळ्याच्या पायासारख्या लांब पाकळ्यांची, बटणाएवढी गच्च गोल. माझा पहिला फोटो पांढऱ्या शेवंतीचा होता. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरची सुई मधोमध आणली आणि म्हटलं काका झालं, तर ते म्हणाले, अरे मीटरला सगळं जगच करडं वाटते, पांढरं समोर आलं की तो घाबरून अंधार करते, पांढऱ्याला एक स्टॉप जास्त द्यायचा, म्हणजे दुप्पट उजेड. मी दिला. संक्रांतीला दोरीवर तो फोटो पाहिला तेव्हा पाकळ्या दुधासारख्या होत्या, आणि शेजारी दुसऱ्या एका दादाचा पांढऱ्या गुलाबाचा फोटो राखेच्या रंगाचा आला होता कारण त्याने कोणाचं ऐकलं नव्हतं. ते एक वाक्य मला अजून उपयोगी पडते, मोबाईलवर पण.

माळीकाकांबद्दल सांगितल्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील. आम्ही फोटो काढून राहिलो की ते बाजूला उभे राहायचे, हात मागे, आणि हळूहळू बोलायला लागायचे. पावसाळ्यात शेवंतीची कलमं लावायची, थोडी वाढली की शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात, बांबूच्या काडीचा आधार द्यायचा, मोठं फूल पाहिजे तर बाजूच्या कळ्या काढून टाकायच्या आणि एकच ठेवायची. एकदा आमच्यापैकी कोणीतरी म्हणालं, काय सुंदर फुललंय आज! तर ते म्हणाले, "तुमी आज पाहून राहिले, मी जूनपासून पाहून राहिलो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण काकांनी त्याच दिवशी ठरवलं की प्रत्येक फोटोच्या दोन प्रिंट काढायच्या, एक दोरीवर लागेल आणि एक ज्याने कुंडी वाढवली त्याला. तेव्हापासून संक्रांतीनंतरच्या रविवारी काही जण पाकिटं घेऊन बागेत जायचे. मला हा दिवस फोटो काढायच्या दिवसापेक्षाही आवडायचा, खरंच.

गेटजवळच्या दिव्याखाली एका वर्षी काही कुंड्या ठेवल्या होत्या, त्यांना कळ्याच नाही धरल्या, बाकी सगळी रांग फुललेली. मला वाटलं रोग पडला. माळीकाका म्हणाले, तो लाईट याले रातभर झोपू देत नाही. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्रात शिकलो की शेवंतीला फुलायला लांब सलग अंधारी रात्र लागते, दिवस लहान झाले की तिला कळते, आणि मधे उजेड पडला की ती वाढत राहते पण फुलत नाही. पेपरात तो प्रश्न आला तेव्हा मी पुस्तकातलं नाही, ती गेटजवळची रांगच आठवून लिहिली.

संध्याकाळी सदर. चर्चच्या आवारात येशूजन्माचा देखावा, गवत, मातीच्या मेंढ्या, वर कागदाची चांदणी, आणि बाहेर झाडांवर लायटिंग. काका म्हणायचे पूर्ण अंधार होऊ देऊ नका, सूर्य गेल्यावर आकाश निळं असते ती पंधरा-वीस मिनिटंच आपली. स्टॅंडवर कॅमेरा, बटण दाबून धरायचं आणि काका मोठ्याने मोजायचे, एक हजार एक, एक हजार दोन, आणि आमची तीस माणसांची पलटण श्वास रोखून उभी, जशीकाही कोणी शिंकलं तर चांदणी हलेल.

१९९३ चं साल मात्र वेगळं. मी नववीत, काकांनी रोल भरायचं काम माझ्यावर दिलं होतं, पहिल्यांदाच. मी भरला, झाकण लावलं, सकाळभर सगळ्यांनी आपापला एकेक फोटो काढला. संध्याकाळी सदरला आकडा ३६ वर गेला, मग ३७, ३८, तरी फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर फिरतच राहिला. काकांनी उलटं गुंडाळायची चक्री हळूच फिरवून पाहिली, ती सैल फिरली. रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं, दिवसभर फिल्म एक इंचही पुढे सरकली नव्हती. मी रडायच्या बेतात होतो. काका मला काही बोलले नाहीत, म्हणाले रोल कोरा आहे म्हणजे इथले तर काढू, आणि यापुढे लीव्हर ओढताना ती चक्री फिरते का तेवढं पाहत जा. फुलांसाठी पुढच्या रविवारी परत जायचं ठरलं, पण मधेच अवकाळी पाऊस आला दोन दिवस आणि सगळी फुलं जमिनीवर झोपली.

संक्रांतीला दोरीवर सदरच्या लायटिंगचे फोटो, आणि बाकी रिकामी दोरी. तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एक मावशी, ज्या कधी सभेतसुद्धा बोलत नव्हत्या, त्यांनी पोरांच्या वह्यांची पानं फाडली आणि म्हणाल्या, प्रत्येकाने आपला फोटो लिहा, काय दिसलं होतं तेवढंच. तीस चिठ्ठ्या झाल्या. मावशींची अजून पाठ आहे मला: "पिवळी, मधोमध हिरवट, डावीकडच्या पाकळीवर मुंगी. ती उतरायच्या आत काढला." एका लहान पोरीला लिहिता येत नव्हतं तर तिने गोल काढून त्यात लाल रंग भरला. माझी एवढीच होती: "पांढरी. एक स्टॉप जास्त." लोक दोरीपाशी इतका वेळ उभे राहिले की तिळगूळ वाटायचा राहून गेला, आठ वाजता कोणालातरी आठवलं. माळीकाकांच्या वाट्याच्या चिठ्ठ्यांची नक्कल काढून आम्ही बागेत नेऊन दिली, त्यांच्या पोरीने त्यांना वाचून दाखवली म्हणे, आणि पुढच्या डिसेंबरात गेलो तर त्यांनी मावशींना हात करून बोलावलं, बाई, तुमची मुंगीवाली यंदा इकडे लावली.

मग डिजिटल आला, रोल संपला, नियमही सैल झाला. माणसं कमीच यायला लागली, कोणी पुण्याला, कोणी बाहेर. काका गेले. पण खंड पडू दिला नाही आम्ही. २०१८ ला तर २९ डिसेंबरला पारा ३.५ वर आला होता, नागपूरच्या नोंदीतलं सगळ्यात कमी तापमान, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आम्ही अकरा जण बोटं काखेत घालून बागेत होतो, मग गेटबाहेर तर्री पोहे खाताना चष्म्यांवर वाफ. लाल साल्विया मोबाईलमधे नुसता लाल डाग येते, पाकळ्यांच्या रेषाच दिसत नाहीत, तर पोरांना सांगतो की लालला उजेड थोडा कमी कर, पांढऱ्याला वाढव. आणि छत्री अजून तीच आहे, काकूंनी मंडळाला दिली.

मागच्या वर्षी कुंड्यांजवळ एक तरुण माळी होता. आमची छत्री पाहून म्हणाला, चिठ्ठ्यावालं मंडळ तुमचंच का? माळीकाका त्याचे सासरे. आता घरीच असतात, नजर कमी झाली. मी लगेच म्हटलं नंबर द्या, फोटो पाठवतो आत्ताच. तो म्हणाला, "मोबाईलवर नका पाठवू न दादा, कागदावर द्या. मामाजी हातात घेऊन बसतात."

पोरीने पांढरी शेवंती काढली होती. सीताबर्डीवर जाऊन मोठी प्रिंट काढून आणली, आणि मागच्या बाजूला काय लिहू म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं तसं तिने लिहिलं, ठळक अक्षरात, त्यांना दिसेल असं: पांढरी. एक स्टॉप जास्त.